शर्ट सगळ्यात शेवटी: अमेरिकेतल्या स्काउट ट्रूपमध्ये पालक स्वयंसेवक होताना

मूल पाचवी संपवून कब पॅकमधून, म्हणजे लहान मुलांच्या स्काउट पथकातून, ट्रूपमध्ये, म्हणजे मोठ्या मुलांच्या पथकात, आलं की दोन-तीन आठवड्यांत कुणीतरी पालकांना गाठतंच: ‘तुम्ही काय मदत कराल?’ बहुतेक मराठी आई-बाबा इथे भिडस्तपणे ‘सांगाल ते’ म्हणतात आणि त्याच शनिवारी स्काउट शॉपमध्ये जाऊन खाकी शर्ट, पट्टे, टोपी, जे दिसेल ते घेऊन येतात. महिन्याभरानं कळतं की खांद्यावरचे पट्टे चुकीच्या रंगाचे आहेत, बाहीवरचं पद दुसऱ्याच कामाचं आहे आणि ज्या प्रशिक्षणाची पट्टी शिवली ते प्रशिक्षण अजून झालेलंच नाही. या सगळ्याचा क्रम ठरलेला आहे: आधी पद, मग अर्ज, मग प्रशिक्षण, मग शर्ट, आणि कॅम्पचं सामान लागेल तसं. उलट्या क्रमानं गेलं तर पैसे आणि टाके दोन्ही वाया जातात.

महाराष्ट्रात शाळेत स्काउट-गाइड केलेल्यांच्या मनात एक वेगळंच चित्र असतं. तिथे भारत स्काउट्स अँड गाइड्सचं पथक बहुधा शाळेचं असतं आणि स्काउट मास्तर म्हणजे शाळेतलेच एक शिक्षक. इथे तसं नाही. 1910 साली स्थापन झालेली बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका 8 फेब्रुवारी 2025 पासून ‘स्काउटिंग अमेरिका’ या नावानं चालते. तिच्या प्रत्येक युनिटला, म्हणजे पॅकला किंवा ट्रूपला, एक पालकसंस्था लागते, तिला चार्टर्ड ऑर्गनायझेशन म्हणतात. ती चर्च असेल, लायन्स क्लब असेल, माजी सैनिकांची संघटना असेल, एखादं मंदिरही असू शकतं. पालकसंस्था जागा देते आणि मोठ्या माणसांच्या निवडीला मान्यता देते. बाकी सगळं चालवतात पालक, फुकट. पगारी माणसं फक्त काउन्सिलच्या, म्हणजे त्या भागातली सगळी युनिटं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयात. डाव्या हाताचं हस्तांदोलन आणि तीन बोटांची सलामी मात्र तीच, त्यामुळे जुन्या स्काउटला पहिल्या मीटिंगलाच घरच्यासारखं वाटतं.

आता पदं. ट्रूपमधली मोठी माणसं दोन गटांत मोडतात आणि हा फरक आधी डोक्यात बसवावा. एक गट मुलांसोबत प्रत्यक्ष काम करणारा: स्काउटमास्टर आणि असिस्टंट स्काउटमास्टर. दुसरा गट समितीचा: अध्यक्ष, खजिनदार, ॲडव्हान्समेंट, म्हणजे मुलांची रँकमधली प्रगती, बघणारा, सामान सांभाळणारा, कॅम्पच्या जागा बुक करणारा. समितीत निदान तीन जण हवेतच. पालकसंस्थेचा प्रतिनिधी वेगळा. एका युनिटमध्ये एका माणसाला एकच नोंदणीकृत पद मिळतं. अपवाद फक्त पालकसंस्थेच्या प्रतिनिधीचा, तो समितीतही बसू शकतो. म्हणून ‘मी असिस्टंट स्काउटमास्टर आणि खजिनदार दोन्ही’ असं कागदावर होत नाही.

दोन्ही गटांचं काम इतकं वेगळं आहे की स्वभाव बघून निवडलेलं बरं. मुलाची रँक, म्हणजे स्काउटिंगमधली एक पायरी, पुरी होताना स्काउटमास्टर त्याच्याशी एकट्यानं पण सगळ्यांच्या नजरेसमोर बसून बोलतो, ती स्काउटमास्टर कॉन्फरन्स. त्यानंतरचा बोर्ड ऑफ रिव्ह्यू मात्र समितीचा: तीन ते सहा जण, आणि त्यात स्काउटमास्टर किंवा असिस्टंट बसू शकत नाहीत, मुलाचे स्वतःचे आई-बाबाही नाहीत. ज्यांना हिशेब, तारखा, याद्या यांची आवड आहे त्यांनी लाजेकाजेस्तव असिस्टंट स्काउटमास्टर होऊ नये. चांगला खजिनदार ट्रूपला तंबूपेक्षा दुर्मीळ असतो.

ज्यांना मुलांसोबत राहायचं आहे त्यांनी दुसरी एक गोष्ट पचवावी लागते. ट्रूप चालवायचा असतो सीनियर पॅट्रोल लीडरनं, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलानं किंवा मुलीनं. मीटिंगचा कार्यक्रम तो ठरवतो, तंबू कुठे लागतील ते तो सांगतो, पॅट्रोलचा, म्हणजे ट्रूपमधल्या छोट्या टोळीचा, मेनू मुलं ठरवतात आणि भात करपला तर करपलेलाच खातात. मोठ्यांनी मध्ये पडायचं ते सुरक्षिततेसाठी. आपल्याकडे मुलाच्या ताटातली भाजीसुद्धा आई वाढते, त्यामुळे मराठी पालकांना हाच भाग सगळ्यात जड जातो. तंबूची दोरी सैल दिसली की हात शिवशिवतात. हात खिशात ठेवायचे, आणि वादळाचा अंदाज असेल तरच सीनियर पॅट्रोल लीडरला विचारायचं, ‘दोऱ्या बघितल्यास का?’

कब पॅकचं गणित याच्या उलट आहे. तिथे डेनचा, म्हणजे पॅकमधल्या छोट्या गटाचा, लीडर मोठाच असतो आणि बालवाडी-पहिलीच्या लायन-टायगर मुलांबरोबर त्यांचं एक मोठं माणूस बसावंच लागतं. पॅकमध्ये पाच वर्षं डेन लीडर म्हणून सगळं स्वतः केलेले पालक ट्रूपमध्ये आले की पहिलं वर्ष गडबड करतात. त्यांना एक कॅम्प नुसतं खुर्चीवर बसवून ठेवणं हा आमच्याकडचा खात्रीचा उपाय आहे.

मेरिट बॅज काउन्सेलर हे तिसरं, बाहेरचं पद. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये आहात, डॉक्टर आहात, बागकाम येतं, तर त्या विषयाचे बॅज मुलांकडून करून घ्यायचे. वय 18 पुरे, दर आठवड्याची हजेरी नाही, गणवेश लागतच नाही. वेळ कमी असलेल्या पालकांनी सुरुवात इथून करावी. पण त्या नोंदणीवर ट्रूपच्या कॅम्पला मुक्काम करता येत नाही.

स्काउटमास्टर आणि समितीचे सदस्य 21 पूर्ण असावे लागतात. असिस्टंट स्काउटमास्टर 18 चा चालतो, पण ‘दोन मोठी माणसं’ मोजताना 18 ते 20 ची गणती होत नाही. अमेरिकन नागरिकत्वाची अट नाही. इथे राहणारा आणि इथले कायदे पाळण्याची हमी देणारा परदेशी नागरिकही लीडर होतो, त्यामुळे ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी उगाच मागे राहू नये. अर्जात पार्श्वभूमी तपासणीसाठी वेगळी संमती द्यावी लागते आणि सोशल सिक्युरिटी नंबर मागितला जातो. तो नसेल तर ऑनलाइन अर्जाशी झटापट करण्याआधी काउन्सिलच्या कार्यालयाला फोन करावा.

अर्जात आपल्या लोकांचं अडतं ते नावावर. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर, आणि ऑनलाइन प्रशिक्षणाचं खातं घाईत फक्त नाव-आडनावानं उघडलेलं, तेही ऑफिसच्या ईमेलवर. मग यंत्रणेत एकाच माणसाचे दोन सदस्य क्रमांक तयार होतात. प्रशिक्षण एका क्रमांकावर, नोंदणी दुसऱ्यावर, आणि युनिटच्या यादीत तुम्ही ‘प्रशिक्षण झालेलं नाही’ असे लाल रंगात दिसता. नवरा-बायकोनं एकच ईमेल वापरला तर आणखी घोळ. प्रत्येकाचा वेगळा वैयक्तिक ईमेल घ्यावा, अर्जात सगळीकडे लायसन्सवर आहे तेच नाव लिहावं आणि प्रत्येक प्रमाणपत्राची पीडीएफ स्वतःकडे ठेवावी. दोन क्रमांक झालेच असतील तर ते जोडून देण्याचं काम काउन्सिलचं कार्यालय करतं, पण दोन्ही क्रमांक तुम्हाला सांगता यायला हवेत.

मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण पहिलं आणि सक्तीचं. ते ऑनलाइन आहे, बसल्या बैठकीत होतं, पण मध्येच खिडकी बंद केली तर तो भाग पुन्हा करावा लागू शकतो, म्हणून लॅपटॉपवर करावं, फोनवर नको. त्याला मुदत असते आणि मुदत संपलेला माणूस नूतनीकरणात अडकतो. कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा. त्यानंतर पदाचं प्रशिक्षण. समितीला ट्रूप कमिटीचा अभ्यासक्रम पुरतो. स्काउटमास्टर आणि असिस्टंटना त्यांच्या पदाच्या अभ्यासक्रमाबरोबर ‘इंट्रोडक्शन टु आउटडोअर लीडर स्किल्स’ लागतो. हा प्रत्यक्ष मैदानावर, सहसा शनिवार-रविवारच्या मुक्कामात होतो: गाठी, सुरी-कुऱ्हाड, चूल, नकाशा आणि होकायंत्र, प्रथमोपचार, म्हणजे फर्स्ट क्लास रँकपर्यंत मूल जे शिकतं ते सगळं. दोन्ही पुरे झाल्यावरच बाहीवर ‘ट्रेंड’ची (Trained, म्हणजे प्रशिक्षण झालेला) पट्टी. पॅकवाल्यांसाठी याची जागा ‘बालू’ नावाचं प्रशिक्षण घेतं, आणि पॅकच्या मुक्कामी कॅम्पला ते झालेला निदान एक माणूस असल्याशिवाय कॅम्प होऊच शकत नाही. याशिवाय हवामानाच्या धोक्यांचं एक छोटं ऑनलाइन प्रशिक्षण आहे, तेही करून टाकावं. विजा चमकायला लागल्या की तळ्यातून मुलं कधी बाहेर काढायची हा वाद घालायची वेळ ती नसते.

नियमांपैकी जे रोजच्या वागण्यात येतात तेवढेच सांगतो. प्रत्येक कार्यक्रमात 21 वर्षांवरचे निदान दोन नोंदणीकृत मोठे हवेत. कार्यक्रमात मुली असतील तर त्यात 21 वर्षांवरची नोंदणीकृत महिला हवी. दुसऱ्याच्या मुलाबरोबर एकट्यानं कुठेही नाही: खोलीत नाही, तंबूत नाही, गाडीतही नाही. परतीच्या वाटेवर शेवटचं एकच मूल गाडीत उरतं तेव्हा हा नियम मोडतो, म्हणून कोण कुणाला सोडणार ते निघतानाच ठरवावं. एकट्या मुलाला मेसेज किंवा ईमेल पाठवायचा नाही, सोबत पालक किंवा दुसरा लीडर हवाच. आपल्याकडे सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, तिथे हे पटकन विसरलं जातं. ट्रूपमध्ये मोठे आणि मुलं एका तंबूत झोपत नाहीत, आणि एका तंबूतल्या दोन मुलांच्या वयात दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर नसावं. 1 सप्टेंबर 2023 पासून ट्रूपच्या मुक्कामाला राहणारा प्रत्येक मोठा माणूस नोंदणीकृत लागतो, ‘मी फक्त गाडी चालवायला आलोय, रात्री राहीन’ हे चालत नाही.

महिलांच्या नियमाचा एक परिणाम लक्षात घ्या. मुलींच्या ट्रूपमध्ये मराठी आया उत्साहानं येतात, पण ‘जंगलात झोपणं मला जमणार नाही’ म्हणून समितीचं काम घेतात. मग ऐन वेळी एक आई आजारी पडली की अख्खा कॅम्प रद्द. मुलींच्या ट्रूपला मुक्काम करू शकणाऱ्या किमान चार महिला यादीत हव्यात. दर कॅम्पला सगळ्यांनी जायचं असं नाही, पाळी लावता येते.

आता शर्ट. खाकी शर्ट पॅकच्या आणि ट्रूपच्या मोठ्यांसाठी एकच आहे. फरक खांद्यावरच्या कापडी पट्ट्यांचा: पॅकला निळे, ट्रूपला गडद हिरवे, जिल्हा किंवा काउन्सिलच्या पदाला रुपेरी, राष्ट्रीय पदाला सोनेरी. पॅकमधून ट्रूपमध्ये येताना शर्ट तोच ठेवा, पट्टे, युनिटचा अंक आणि पदाचा पॅच बदला. कापड दोन तऱ्हेचं मिळतं. सुती मिश्रणाचा शर्ट शिवायला सोपा, शेकोटीजवळ निर्धास्त, पण ओला झाला की वाळत नाही. पातळ नायलॉनचा उन्हाळ्यात सुखाचा आणि तासाभरात वाळणारा, पण शेकोटीची एक ठिणगी पडली की भोक. एकच घ्यायचा तर उन्हाळी कॅम्पला जाणाऱ्यानं नायलॉनचा घ्यावा आणि शेकोटीला वर लोकरीचं काहीतरी घालावं. मापाबद्दल: अमेरिकन स्मॉल आपल्यातल्या बऱ्याच जणांना खांद्यावर ओघळतो. मुलांच्या विभागातला एक्स्ट्रा लार्ज घालून बघा, तो स्वस्तही पडतो. महिलांच्या बेताचा शर्ट अंगाबरोबर बसतो, आत थंडीचा जाड टी-शर्ट घालायचा असेल तर एक माप वरचं घ्या. छातीवरच्या पट्टीवर अजून जुनं नाव असलेला वापरलेला शर्ट कुणी दिला तर बिनधास्त घाला. एकदा अधिकृत असलेला गणवेश पुढेही अधिकृतच धरला जातो.

पॅच शिवण्याआधी शर्ट एकदा धुवून घ्या, म्हणजे आटायचा तेवढा आटतो. गडद लाल किंवा निळ्या पॅचचा रंग सुटतो का हे बघायला तो पांढऱ्या कपड्यावर ठेवून थंड पाण्यात बुडवून पाहावा. मग शर्ट अंगात घालून दुसऱ्या कुणाकडून खडूनं खुणा करून घ्या. टेबलावर पसरलेल्या शर्टावर सरळ दिसणारा पॅच अंगावर पाठीकडे सरकलेला असतो.

डावी बाही सगळ्यात गर्दीची. खांद्याच्या शिवणीला लागून काउन्सिलचा पॅच, त्याला चिकटून खाली ट्रूपचा अंक, त्याखाली पदाचा गोल पॅच आणि त्याला लागून ‘ट्रेंड’ची पट्टी. अर्ध्या बाहीच्या लहान मापात हे सगळं जेमतेम बसतं, वरून अर्ध्या इंचाची ढिलाई झाली तर शेवटची पट्टी बाहीच्या दुमडीवर येते. म्हणून शिवायला सुरुवात वरून करा, पण मांडणी आधी खालपर्यंत टाचण्या लावून बघा. ट्रूपचे अंक सुटे शिवण्यापेक्षा एकसंध करून मिळतात ते घ्यावेत, सुटे अंक दहा धुण्यांत वाकडे होतात. उजव्या बाहीवर शिवणीखाली अमेरिकेचा झेंडा. मुलांच्या शर्टावर त्याखाली पॅट्रोलचं चिन्ह येतं, मोठ्यांची ती जागा रिकामी राहिली तरी काही बिघडत नाही.

डाव्या खिशाच्या वर, शिवण आणि खिसा यांच्या मधोमध जांभळा जागतिक स्काउट बोधचिन्हाचा पॅच. खिशावर मुलं रँकचा पॅच लावतात, मोठ्यांनी तिथे रँक लावायची नाही. लहानपणी ईगल, म्हणजे सगळ्यात वरची रँक, मिळवलेला माणूससुद्धा ईगलचा पॅच न लावता लाल-पांढऱ्या-निळ्या गाठीची छोटी पट्टी लावतो. अशा गाठींच्या पट्ट्या डाव्या खिशाच्या वर तीन-तीनच्या ओळीत येतात. काहींच्या छातीवर चार ओळी असतात, त्या बघून नव्या माणसानं बुजू नये. शर्ट कोरा असला तरी माणूस कामाचा असू शकतो, आणि उलटही दिसतं. उजव्या खिशावर एका वेळी एकच तात्पुरता पॅच, म्हणजे या वर्षीच्या कॅम्पचा. तो शिवू नका, खिशाच्या बटणाला अडकणाऱ्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घाला.

नव्या शर्टांवर सर्रास आढळणारी चूक म्हणजे खिशासकट शिवलेला पॅच: मशीनखाली खिशाचे दोन्ही थर गेले आणि खिसा कायमचा बंद. खिशात पोस्टकार्डाचा जाड कागद सरकवून हातानं शिवलं की हे होत नाही. बाहीसाठी मशीन वापरायचंच असेल तर बाहीत शिरणारी अरुंद बाजू असलेलं मशीन हवं, नाहीतर बाहीची शिवण उसवून पुन्हा घालावी लागते. दोरा पॅचच्या काठाच्या रंगाचा, टाके काठाच्या आतल्या कडेला. पारदर्शक नायलॉन दोरा दिसत नाही हे खरं, पण त्याचं टोक मानेला आणि दंडाला टोचतं. चिकटवायच्या गोंदाच्या चकत्या मिळतात. त्या घाईत बऱ्या, पण पद बदललं आणि पॅच काढला की शर्टावर चिकट डाग राहतो. ज्या जागेचा पॅच बदलणार, म्हणजे पद आणि अंक, तिथे गोंद नको, सुईदोराच. इस्त्रीनं चिकटवणं नायलॉनवर करूच नये, कापड चकाकतं आणि आवळतं. संस्थेचा गणवेश-तपासणीचा कागद प्रिंट करून शर्टाशेजारी ठेवला की दुकानदाराला विचारायची गरज पडत नाही.

शर्टाखालच्या गोष्टी पटकन: हिरवट पँट, गुडघ्यापासून चेन उघडून अर्धी होणारी घेतली तर दोन्ही ऋतूंत चालते. पट्टा आणि मोजे त्याच रंगाचे. स्कार्फ घालायचा की नाही हे इथे ट्रूप ठरवते, भारतातल्यासारखा तो सगळ्यांना नसतो, त्यामुळे विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. लष्करी छापाची पँट गणवेशाबरोबर चालत नाही. समितीच्या लोकांना गणवेश सक्तीचा नाही, पण बोर्ड ऑफ रिव्ह्यूला मूल कडक गणवेशात समोर बसतं तेव्हा मोठ्यांनी निदान नीट कपड्यांत असावं. राजकीय प्रचाराच्या कार्यक्रमात हा गणवेश घालून जायचं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मुलं झेंडा घेऊन आली तर त्यांच्यासोबत गणवेशात जाणं मात्र छान दिसतं.

प्रवासात आणि ध्वजवंदनाला हा शर्ट, काम करताना ट्रूपचा टी-शर्ट. त्यातही हळद हाताळायची असेल तर टी-शर्टच. खाकीवरचा हळदीचा डाग उन्हात वाळवून फिका होतो, पण जात नाही.

सामानात मोठ्यांची गफलत झोपण्याच्या बाबतीत होते. मुलं कशावरही झोपतात, पंचेचाळिशीची कंबर झोपत नाही. स्लीपिंग बॅगवर लिहिलेलं तापमान हे बहुधा ‘जेमतेम निभेल’ असं असतं, ‘उबदार झोप लागेल’ असं नव्हे. वीस अंश फॅरनहाइटची, म्हणजे सुमारे उणे सात सेल्सिअसची बॅग घेऊन तीस-पस्तीस फॅरनहाइटला सुखात झोपता येतं असं धरावं. बॅगेपेक्षा खालची गादी महत्त्वाची, कारण थंडी जमिनीतून येते आणि अंगाखाली दाबलेली बॅग काहीच ऊब देत नाही. गादीवर आर-मूल्य, म्हणजे थंडी रोखण्याची क्षमता, लिहिलेलं असतं: उन्हाळ्याला 2 पुरतं, हिवाळी मुक्कामाला 4 ते 5 हवं. हवेची गादी पंक्चर होते, म्हणून थंडीत तिच्याखाली फोमची घडीची चटई टाकावी. झोपताना घालायचे मोजे वेगळे ठेवा, दिवसभराच्या घामानं दमट झालेले मोजे घालून झोपलं की पाय रात्रभर गार.

बाकीची यादी मुलांच्या हँडबुकातल्या ‘दहा आवश्यक गोष्टीं’ची: खिशातला चाकू, पावसाळी कपडे, खाऊ, टॉर्च, जादा कपडे, प्रथमोपचार पेटी, उन्हापासून बचाव, नकाशा-होकायंत्र, काडेपेटी आणि पेटवण, पाण्याची बाटली. टॉर्च डोक्याला लावायचा घ्या आणि लाल दिव्याचा, म्हणजे रात्री तंबूंकडे बघताना मुलांच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही. जीन्स नकोत, भिजल्या की दोन दिवस वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. ईशान्येकडच्या राज्यांत गोचिडींचा त्रास मोठा आहे. पँट आणि मोज्यांवर परमेथ्रिन आदल्या दिवशी बाहेर दोरीवर टांगून फवारावं, पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. घरात मांजर असेल तर ओले कपडे आत आणूच नयेत, मांजराला ते विषारी आहे. आणि घडीची खुर्ची. मोठ्यांच्या सामानात ती चैन नाही.

कॅम्पला जाणाऱ्या एका लीडरकडे झिपच्या पिशवीत सगळ्यांचे आरोग्य फॉर्म असतात, मोठ्यांचेसुद्धा. अ आणि ब भाग प्रत्येक कार्यक्रमाला लागतात, 72 तासांपेक्षा मोठा कॅम्प असेल तर डॉक्टरांच्या तपासणीचा क भागही. उन्हाळी कॅम्पच्या आधी जूनमध्ये डॉक्टरांची वेळ मिळत नाही, म्हणून ती एप्रिलमध्ये घ्या. लसींच्या रकान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख लिहिताना भारतात घेतलेल्या लसी कुणालाच आठवत नाहीत. दहा वर्षं उलटली असतील तर सरळ नवी घेणं सोपं. दम्याचा पंप आणि ॲलर्जीचं इंजेक्शन मुलाच्या स्वतःजवळ राहतं, पेटीत कुलूपबंद नव्हे. दुसऱ्याच्या मुलाला डोकं दुखतंय म्हणून आपल्या पर्समधली गोळी द्यायची नाही, त्याच्या पालकांची लेखी परवानगी नसेल तर नाहीच.

जेवण मोठ्यांचं वेगळं शिजतं, मोठ्यांचा स्वतंत्र पॅट्रोलच असतो आणि त्याला विनोदानं ‘ओल्ड गोट’ म्हणतात. इथे मराठी माणसाचं वजन वाढतं. सहा जणांना दोन कप तांदूळ, एक कप मूगडाळ, नऊ-दहा कप पाणी अशी सैल खिचडी एका भांड्यात होते. डाळ-तांदूळ घरूनच हळद-मीठ-हिंग घालून पिशवीत भरून आणावेत, फोडणी शेवटी छोट्या कढल्यात. शाकाहारी मुलं असतील तर पॅट्रोलची खरेदी करणाऱ्या मुलाला तीन गोष्टी आधी सांगून ठेवा: मार्शमेलोत जिलेटिन असतं, डब्यातल्या बेक्ड बीन्समध्ये डुकराचं मांस असू शकतं आणि काही रिफ्राइड बीन्समध्ये चरबी. शाकाहारी मार्शमेलो इंडियन दुकानात मिळतात. गॅसचे आणि द्रव इंधनाचे स्टोव्ह मोठ्यांच्या देखरेखीत, भरणं आणि जोडणंही मोठ्यांसमोर. तंबूत कुठलीही ज्योत नाही, डास पळवायची उदबत्तीसुद्धा नाही.

वर्ष-दोन वर्षं काढल्यावर कुणीतरी वुड बॅजबद्दल विचारेल. हे मोठ्यांचं पुढचं प्रशिक्षण, 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कला सुरू झालेलं. भारतात हिमालय वुड बॅज केलेल्या शिक्षकांच्या गळ्यात जे दोन लाकडी मणी दिसतात, तेच इथेही मिळतात. अभ्यासक्रम सहसा दोन शनिवार-रविवारांत विभागलेला असतो आणि त्यानंतर ‘तिकीट’: आपल्या युनिटसाठी पाच कामं लिहून द्यायची आणि 18 महिन्यांत पुरी करायची. मणी मिळतात ते पाचही झाल्यावर. लोक अडकतात ते पाचव्या कामावर, कारण पहिल्या उत्साहात ‘ट्रूपची सदस्यसंख्या दुप्पट करणार’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं, जे आपल्या हातात नसतं. स्वतःला करता येईल आणि झालं की नाही हे मोजता येईल असंच लिहा: ट्रूपच्या सगळ्या तंबूंची तपासणी करून फाटलेले दुरुस्त करणं, पाच नव्या पालकांचं पदाचं प्रशिक्षण पूर्ण करून घेणं, शाकाहारी मेनूचं एक पुस्तक तयार करून दोन कॅम्पमध्ये मुलांकडून वापरून बघणं. आणि तिकीट लिहिण्याआधी ट्रूपच्या समिती अध्यक्षाला दाखवा, कारण त्यातली निदान दोन कामं त्यांच्या मदतीशिवाय पुरी होत नाहीत.